चार फुटांचे सरोवर

घरात मासे पाळण्याची हौस आपल्याकडे आता नवी राहिलेली नाही. दिवाणखान्याच्या कोपऱ्यात काचेची टाकी, तीत हिरवी पाणवनस्पती आणि संथपणे फिरणारे चार सोनेरी मासे, हे दृश्य आपल्यापैकी बहुतेकांनी पाहिले असेल. पुढे कधीतरी या हौशी माणसाची नजर दुकानातील दुसऱ्याच एका टाकीकडे वळते. तीत वनस्पती नसते. नुसते दगड रचलेले असतात, आणि त्या दगडांच्या फटींतून पिवळेधमक, निळेशार, गंजाच्या रंगाचे मासे एकमेकांचा पाठलाग करीत असतात. गोड्या पाण्यात समुद्राचे रंग पाहून माणूस चकित होतो. दुकानदार सांगतो, 'हे आफ्रिकन सिक्लिड.' पाहणारा मोहात पडतो आणि टाकी व मासे एकाच फेरीत घरी घेऊन येतो.

मीही एकदा असाच आलो होतो. शनिवारी टाकी मांडली आणि रविवारी सकाळी तीत बारा मासे सोडले. पाणी स्फटिकासारखे नितळ दिसत होते. पाच-सहा दिवसांनी मासे पृष्ठभागाशी येऊन धापा टाकू लागले, आणि दहाव्या दिवशी बारापैकी तीन उरले. घरातील लहान मुलीने विचारले, 'पाणी तर स्वच्छ होते, मग ते मेले कशाने?' तिला सांगण्याजोगे उत्तर त्या वेळी माझ्यापाशी नव्हते. आजचे भाषण हे त्या प्रश्नाचे उशिरा दिलेले उत्तर होय.

प्रथम या माशांची ओळख करून घेऊ. सिक्लिड हे एका मोठ्या मत्स्यकुलाचे नाव आहे. हे कुल मुख्यत्वे आफ्रिका आणि अमेरिका या खंडांत पसरलेले असले, तरी ते आपल्याला अगदी परके नाही. गोव्याच्या खाडीत आणि खाजणांच्या पाण्यात सापडणारे काळुंदर ज्यांनी चवीने खाल्ले आहे, त्यांनी सिक्लिडच खाल्लेला आहे. भारतात या कुलाच्या तीनच जाती मूळच्या आहेत, आणि काळुंदर ही त्यांतील एक. काळुंदराची जोडी आपल्या अंड्यांची व पिलांची राखण करते. संततीची अशी काळजी घेणे हा साऱ्या सिक्लिड कुलाचाच गुण आहे.

दुकानात 'आफ्रिकन सिक्लिड' म्हणून जे रंगीत मासे मिळतात, ते बहुधा मलावी सरोवरातील असतात. पूर्व आफ्रिकेत भूकवच दुभंगून जी प्रचंड दरी तयार झाली, तिच्या दक्षिण भागात हे सरोवर आहे. मलावी, मोझांबिक आणि टांझानिया हे तीन देश त्याच्या काठी आहेत. लांबी सुमारे ५७० किलोमीटर आणि खोली काही ठिकाणी ७०० मीटर. १८५९ साली डेव्हिड लिव्हिंग्स्टन तेथे पोचला आणि 'न्यासा' या नावाने ते यूरोपीय नकाशांवर आले. आज या एका सरोवरात माशांच्या जितक्या जाती आहेत, तितक्या जगातील दुसऱ्या कोणत्याही सरोवरात नाहीत. एकट्या सिक्लिडांच्याच आठशेहून अधिक जाती तेथे असाव्यात असा अंदाज आहे.

यांतील खडकाळ किनाऱ्याला राहणाऱ्या माशांना काठच्या टोंगा भाषेत 'म्बुना' म्हणतात. म्बुना म्हणजे खडकातला मासा. हे मासे खडकांवर वाढणारे शेवाळ आणि त्यात दडलेले सूक्ष्म जीव खरवडून खातात, खडकाच्या कपारीला आपले घर मानतात आणि त्या घरासाठी शेजाऱ्याशी भांडतात. नवख्या माणसाने आपली पहिली टाकी या म्बुनांसाठीच मांडावी, म्हणून आज मी त्यांच्यापुरतेच बोलणार आहे.

आता त्या मुलीच्या प्रश्नाकडे वळू. त्याचे उत्तर दोन भागांत द्यावे लागेल. पाणी कोणते हवे, हा पहिला भाग. आणि ते तयार होण्यास किती दिवस लागतात, हा दुसरा.

पाण्याची आम्लता किंवा अल्कता मोजण्याचे जे माप आहे, त्यास आपले शेतकरी सामू म्हणतात. दुकानात त्यालाच पीएच म्हणतात. शुद्ध पाण्याचा सामू ७. मलावी सरोवराचा सामू साधारणपणे ७.७ ते ८.६ या दरम्यान असतो, म्हणजे ते पाणी अल्कधर्मी आहे. या सरोवरातून शिरे ही एकच नदी बाहेर पडते. बहुतेक पाणी सूर्याच्या उष्णतेने वाफ होऊन जाते आणि विरघळलेले क्षार मागे राहतात. एवढ्या प्रचंड जलाशयाचे गुणधर्म सहसा पालटत नाहीत. येथील माशांच्या असंख्य पिढ्या अशा स्थिर पाण्यात वाढल्या. यास्तव त्यांना जपावयाचे ते पाण्यातील अचानक बदलापासून.

आपल्या नळाला किंवा विहिरीला येणारे पाणी कसे आहे, हे आधी पाहावे. दख्खनच्या पठारावरील बोअरचे पाणी पुष्कळदा दुष्फेन असते. त्यात साबणाला फेस येत नाही, आणि गृहिणी त्याला कंटाळलेल्या असतात. म्बुनांना मात्र असे पाणी सहसा मानवते. याउलट जांभ्या दगडाच्या प्रदेशातील विहिरींचे पाणी बहुधा सुफेन आणि किंचित आम्ल असते. ते सुधारण्याचा सोपा उपाय असा की, स्वच्छ धुतलेल्या शिंपल्यांचा चुरा कापडी जाळीच्या पिशवीत भरून फिल्टरमध्ये ठेवावा. पाणी आम्लतेकडे झुकू लागले की शिंपले विरघळतात आणि पुरेशी अल्कता आली की जवळजवळ थांबतात. हे काम ते आपण होऊन करतात. या कामासाठी काही जण प्रवाळ वापरतात, तसे करू नये. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने आपल्याकडे प्रवाळांना संरक्षण दिलेले आहे. शिंपल्यांनी भागते तेथे प्रवाळाची गरजही नाही. तसेच मलावी हे गोड्या पाण्याचे सरोवर आहे, म्हणून टाकीत मिठाची मूठ टाकण्याचेही कारण नाही.

आता टाकी. या माशांसाठी चार फुटांपेक्षा आखूड टाकी घेऊ नये. १२० सेंटिमीटर लांब, ४५ रुंद आणि ४५ उंच अशा टाकीत सुमारे २४० लिटर पाणी मावते. एवढ्या पाण्याचेच वजन २४० किलो होते. त्यात काच आणि दगड मिळवा. म्हणून घडवंची लोखंडाची किंवा भक्कम लाकडाची असावी, ती पाणसळ लावून समतल करावी आणि काचेखाली थर्मोकोलचा एक ताव पसरावा, म्हणजे फरशीचा किंवा लाकडाचा लहानसा उंचवटा काचेला बाधणार नाही. जागा अशी निवडावी की दुपारचे ऊन थेट पडणार नाही.

तळाशी आधी दगड आणि मग वाळू, हा क्रम लक्षात ठेवावा. म्बुना वाळू उकरतात. वाळूवर दगड रचले तर एके रात्री ते खाली घसरतात आणि काच फुटते. तळाच्या काचेवर प्लॅस्टिकची जाळी अंथरावी, तिच्यावर मोठे दगड हलत नाहीत असे बसवावेत, त्यांवर लहान दगड रचावेत, आणि शेवटी धुतलेली बारीक वाळू पसरावी. दगड दूरदेशीचे आणण्याचे कारण नाही. बेळगावात किंवा इंदुरात काळा पाषाण आहे, हैदराबादेत ग्रॅनाइट आहे. हे दोन्ही पाण्यात विरघळत नाहीत. दगडावर लिंबाचा रस टाकून फेस आला, तर तो चुन्याचा दगड समजावा. या टाकीत तोही चालतो. धातूची छटा असलेले किंवा भुसभुशीत दगड मात्र टाळावेत. रचना करताना जितक्या कपारी आणि आडोसे करता येतील तितके करावेत. पाठलाग करणारा मासा दृष्टीआड झाला की पळणाऱ्याला उसंत मिळते. या टाकीत दगड शोभेकरिता नसून दुबळ्यांच्या रक्षणाकरिता आहेत.

फिल्टर सढळ हाताने घ्यावा. २४० लिटरच्या टाकीला तासाला १२०० ते २००० लिटर पाणी फिरवणारा फिल्टर योग्य. पाणी २४ ते २७ अंश सेल्सियस राहावे. ग्वाल्हेरच्या हिवाळ्यात यासाठी हीटर लागेल. तेथल्याच उन्हाळ्यात पाण्याच्या पृष्ठभागावरून लहान पंख्याने वारा सोडावा, म्हणजे बाष्पीभवनाने ते काही अंश थंड होते. नळाच्या पाण्यात क्लोरिन असतो आणि तो माशांच्या कल्ल्यांना जाळतो. छायाचित्रकार ज्याला हायपो म्हणत, त्या सोडियम थायोसल्फेटने तो नाहीसा होतो. बाजारातील क्लोरिननाशक द्रव बाटलीवरील प्रमाणात घातला तरी चालतो.

टाकी मांडून झाली, पाणी भरले, दिवा लावला. येथेच बहुतेक जण माझ्यासारखी चूक करतात. टाकी आता सज्ज दिसते, पण ती सज्ज नसते.

मासे आपल्या कल्ल्यांवाटे अमोनिया बाहेर टाकतात. उरलेले अन्न कुजूनही अमोनिया होतो. अमोनिया हे माशांना विष आहे. सरोवरात हे विष अफाट पाण्यात विरून जाते आणि जीवाणू त्याचा फडशा पाडतात. टाकीत हे काम फिल्टरच्या स्पंजावर आणि दगडांवर वाढणाऱ्या जीवाणूंनाच करावे लागते. त्यांचा एक वर्ग अमोनियाचे नायट्राइट करतो. नायट्राइटही घातक आहे; ते माशाच्या रक्ताची प्राणवायू वाहून नेण्याची शक्ती हिरावून घेते, म्हणून पाण्यात हवा भरपूर असूनही मासा धापा टाकतो. जीवाणूंचा दुसरा वर्ग नायट्राइटचे नायट्रेट करतो. ते बरेचसे निरुपद्रवी असते आणि पाणी बदलले की निघून जाते. नव्या टाकीत हे दोन्ही वर्ग जवळजवळ नसतात. ते पुरेसे वाढण्यास साधारणतः चार ते सहा आठवडे लागतात.

आफ्रिकन सिक्लिडांच्या बाबतीत हा धोका अधिक मोठा आहे, आणि हीच गोष्ट दुकानात क्वचित सांगितली जाते. पाण्यातील अमोनियाचा सगळाच भाग सारखा विषारी नसतो. सामू ७ असेल तर त्याचा शंभरातील एक भागही तीव्र विषारी रूपात नसतो. सामू ८ झाला की तोच भाग शंभरात पाच-सहा होतो, आणि ८.५ ला पंधरा-सोळापर्यंत जातो. म्हणजे ज्या अल्कधर्मी पाण्यात हे मासे सुखी राहतात, त्याच पाण्यात अमोनिया साध्या पाण्याच्या कितीतरी पट मारक ठरतो. सोनेरी मासे ज्या कच्च्या टाकीत कसेबसे तगतील, त्या टाकीत म्बुना मरतात. माझ्या टाकीत हेच घडले. अमोनियाला रंग नाही, आणि थोड्या प्रमाणात त्याचा वासही येत नाही. पाणी डोळ्यांना स्वच्छ दिसत होते. माशांना ते स्वच्छ नव्हते.

मग करावे काय? मासे आणण्यापूर्वी टाकी चालू करावी आणि जीवाणूंनाच आधी जेवू घालावे. रोज चिमूटभर मत्स्यखाद्य रिकाम्या टाकीत टाकावे. ते कुजून अमोनिया देईल. एखाद्या स्नेह्याकडे जुनी, निरोगी टाकी असेल, तर तिच्या फिल्टरमधील स्पंजाचा तुकडा मागून आणून आपल्या फिल्टरमध्ये ठेवावा. दह्याला विरजण, तसा हा प्रकार आहे. त्याने काळ पुष्कळ वाचतो. अमोनिया आणि नायट्राइट मोजण्याचे टेस्ट किट मिळते, ते टाकीबरोबरच विकत घ्यावे. प्रथम अमोनिया वाढून उतरेल, मग नायट्राइट वाढून उतरेल. रोज खाद्य पडत असूनही दोन्ही शून्यावर टिकली, म्हणजे टाकी पिकली. नंतर अर्धेअधिक पाणी बदलून टाकावे आणि मगच दुकानाची वाट धरावी.

कोणते मासे आणावेत? नवख्याने लॅबिडोक्रोमिस सेरुलियस, ज्याला बाजारात 'यलो लॅब' म्हणतात, तो आधी निवडावा. तो पिवळाजर्द आणि म्बुनांत पुष्कळच शांत आहे. त्याच्या जोडीला गंजाच्या रंगाचा 'रस्टी' आणि जांभळट अंगाचा, पिवळ्या शेपटीचा 'एसी' चालेल. लहान असताना फार देखणा दिसणारा, पिवळ्या अंगावर काळे पट्टे असलेला 'ऑराटस' मात्र घेऊ नये. मोठेपणी तो साऱ्या टाकीचा जुलमी राजा होतो. 'केन्यी' नावाचा निळा पट्टेदार मासाही त्याच जातकुळीचा. प्रत्येक जातीत एका नरामागे तीन-चार माद्या असाव्यात, म्हणजे एकाच मादीचा छळ होत नाही.

येथे एक गोष्ट नेहमीच्या समजुतीच्या उलट आहे. इतर टाक्यांत मासे थोडे ठेवावेत असे सांगतात. म्बुना फार थोडे असले, तर बलिष्ठ मासा एकालाच हेरून त्याचा जीव घेतो. पंधरा-वीस असले की त्याचा राग सर्वांत वाटला जातो आणि कोणालाच फारशी इजा होत नाही. अर्थात एवढ्या दाटीची घाण पेलणारा फिल्टर असेल आणि दर आठवड्याला पाणी बदलण्याची तयारी असेल, तरच ही दाटी न्याय्य ठरते. मासे दोन खेपांत, पंधरा दिवसांच्या अंतराने आणावेत आणि दुसऱ्या खेपेस दगडांची रचना थोडी बदलावी. जुन्यांच्या हद्दी मोडल्या की नवे आणि जुने सारखेच नवखे होतात. आणलेली पिशवी पंधरा-वीस मिनिटे टाकीत तरंगू द्यावी, मग अर्धा-पाऊण तास तीत टाकीचे पाणी थोडेथोडे घालावे आणि शेवटी मासे जाळीने उचलून सोडावेत. दुकानातील पाणी टाकीत ओतू नये.

खाणे थोडे आणि वनस्पतिप्रधान असावे. शेवाळ खाणाऱ्या या माशांचे आतडे लांब असते. रक्तकृमी किंवा मांसाचे तुकडे वरचेवर दिल्यास पोट फुगण्याचा विकार जडतो आणि त्यातून मासा क्वचितच वाचतो. स्पिरुलिना असलेले दाणे, उकडून सोललेला वाटाणा किंवा पालकाचे पान त्यांना मानवते. दोन मिनिटांत संपेल एवढेच घालावे. मासा सतत भुकेलेला दिसतो; त्याच्या त्या मुद्रेला भुलू नये.

दर आठवड्याला पाव ते एक तृतीयांश पाणी बदलावे. नवे पाणी उष्णतेने आणि सामूने जुन्यासारखेच असावे. फिल्टरचा स्पंज कधीही नळाखाली धुऊ नये. क्लोरिनने सगळे जीवाणू मरतात. तो टाकीतून काढलेल्या पाण्यातच पिळून घ्यावा. जेथे वीज तासन्‌तास जाते, तेथे बॅटरीवर चालणारा एअर पंप हाताशी ठेवावा. प्राणवायूवाचून मासे गुदमरतात, आणि जीवाणूंनाही तो तितकाच लागतो.

एवढे सांभाळले, तर काही महिन्यांनी एक मादी खाणे सोडून कोपऱ्यात उभी राहिलेली दिसेल. तिचा जबडा फुगलेला असेल. ती आजारी आहे असे समजून तिला औषध देऊ नये. तिच्या तोंडात अंडी आहेत. म्बुना माद्या अंडी तोंडात उबवतात आणि सुमारे तीन आठवडे जवळजवळ उपाशी राहतात. नराच्या खालच्या पराच्या मागच्या भागावर अंड्यासारखे पिवळे ठिपके असतात. मादी त्या ठिपक्यांना टिपू पाहते आणि त्याच क्षणी तोंडातील अंडी फलित होतात, असा विचार वोल्फगांग विकलर या जर्मन शास्त्रज्ञाने १९६२ साली मांडला. या एका ठिपक्यावर पुढे पुष्कळ संशोधन झाले. आपल्या दिवाणखान्यात तो व्यवहार नुसत्या डोळ्यांनी पाहता येतो.

पिले झाली की ती फार होतात, आणि मग हौशी माणूस म्हणतो, नदीत सोडून देऊ. हे मात्र कदापि करू नये. आफ्रिकेतीलच मोझांबिक टिलापिया हा सिक्लिड १९५२ साली अन्नासाठी भारतात आणला गेला. तोही तोंडात अंडी सांभाळणारा. म्हणूनच तो जेथे गेला तेथे फोफावला. उजनीच्या जलाशयावरील कोळी ज्याला चिलापी म्हणतात, तो याच वंशाचा. बाहेरचा मासा किती अनर्थ करू शकतो, हे व्हिक्टोरिया सरोवरानेही दाखवले आहे. तेथे नाइल पर्च हा मोठा शिकारी मासा १९५० च्या दशकात सोडला गेला, १९८० च्या दशकात तो बेसुमार वाढला, आणि तेथील सिक्लिडांच्या शेकडो जाती नाहीशा झाल्या किंवा दिसेनाशा झाल्या. त्यांपैकी काही आज केवळ मत्स्यालयांत जिवंत आहेत. वाढलेली पिले दुसऱ्या हौशी माणसाला द्यावीत किंवा दुकानदाराकडे परत न्यावीत. नदी, तलाव आणि विहीर ही त्यांची जागा नव्हे.

श्रोतेहो, ती मुलगी आता मोठी झाली आहे. दुसऱ्या वेळी टाकी मांडली, तेव्हा रिकाम्या पाण्यात रोज चिमूटभर खाद्य टाकण्याचे काम मी तिच्याकडे सोपवले. शेजारचे लोक विचारीत, 'मासे कोठे आहेत?' ती सांगे, 'अजून पाणी तयार व्हायचे आहे.' अडतिसाव्या दिवशी दोन्ही नळ्यांतील रंग शून्याच्या खुणेशी जुळले आणि आम्ही मासे आणले. त्या खेपेचे सगळे मासे जगले.